बिस्किटांचे पुडे संपल्यावर

वादळ किंवा पूर आला की कॉलेजच्या ग्रुपवर पहिल्या दोन तासांत पोस्टर पडतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं असलेलं कुणीतरी, वर मोठ्या अक्षरांत 'मदतीचा हात', खाली तीन मोबाइल नंबर आणि यूपीआयचा कोड. दुसऱ्या दिवशी जिमखान्याच्या खोलीत बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, चादरी आणि जुने कपडे जमायला लागतात. चौथ्या दिवशी टेम्पो निघतो, टेम्पोसमोर फोटो होतो. दहाव्या दिवशी इंटर्नलचं टाइमटेबल लागतं आणि ग्रुपचा डीपी पुन्हा फेस्टचा होतो.

टोमणा मारायला हे लिहीत नाही. तो टेम्पो जायलाच हवा. तिसऱ्या दिवशी पोटात काही नसलेल्या माणसाला बिस्किटाच्या पुड्याची किंमत बरोबर कळते. (जुन्या कपड्यांचं मात्र खरंच थांबवा. २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेला अशा कपड्यांचे ढीग पडून राहिले होते. घर गेलं म्हणून माणूस कुणाचीही विटलेली पँट घालायला तयार होतो असं नाही.) आमचा प्रश्न आहे तो अकराव्या दिवसाचा. त्या दिवशी घराला छप्पर नसतं. शंभराव्या दिवशीही बऱ्याचदा नसतं. मग त्या मधल्या काळात काय करायचं असतं? आणि हातात कसलंही कसब नसलेल्या, फार तर एक आठवडा सुट्टी असलेल्या तुमच्यासारख्या मुलामुलींना त्यात खरोखर काही करता येतं का?

येतं. त्याचं एक उदाहरण आहे. लांबचं आहे, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातलं, पण ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हे चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर धडकलं. तिकडे त्याला हरिकेन म्हणतात, आपल्याकडे सायक्लोन, जात एकच. न्यू ऑर्लिन्स शहराचं नाव तुम्ही ऐकलं असेल. वाऱ्यानं जेवढं मोडलं त्याहून कितीतरी जास्त नुकसान शहराभोवतीचे बांध आणि संरक्षक भिंती फुटल्यामुळे झालं. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, हजारावर माणसं दगावली. शहराला लागूनच सेंट बर्नार्ड नावाचा जिल्हा आहे, लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. मासेमारी करणाऱ्यांचा, तेल शुद्धीकरण कारखान्यांत काम करणाऱ्यांचा हा भाग. तिथे जवळजवळ एकही घर कोरडं राहिलं नाही. त्यात एका कारखान्याची तेलाची टाकी जागची हलली आणि सुमारे दहा लाख गॅलन कच्चं तेल पुराच्या पाण्यात मिसळलं. पाणी ओसरल्यावर भिंतींवर तेलाची काळी रेघ राहिली.

२००६च्या सुरुवातीला, म्हणजे वादळानंतर सहा महिन्यांनी, वॉशिंग्टनमधलं एक जोडपं इथे काही दिवस स्वयंसेवक म्हणून आलं. झॅक रोझेनबर्ग वकील, गरीब आरोपींचे खटले लढवणारा. लिझ मॅकार्टनी शिक्षण क्षेत्रात काम करणारी. बांधकामाचा अनुभव दोघांनाही शून्य. त्यांची अपेक्षा साधी होती: सहा महिने झालेत, म्हणजे कामं सुरू असतील, आपण कुठेतरी विटा उचलू. प्रत्यक्षात लोक अजून सरकारी ट्रेलरमध्ये, मोडक्या घराच्या अंगणात किंवा नातेवाइकांच्या हॉलमध्ये दिवस काढत होते. कामं सुरूच नव्हती. दोघं घरी परतले आणि काही महिन्यांत बिऱ्हाड उचलून तिथेच राहायला आले. त्यांनी जी संस्था काढली तिचं नाव 'सेंट बर्नार्ड प्रोजेक्ट'. आता ती 'एसबीपी' या नावाने ओळखली जाते.

आता हे वाचताना एखाद्या सिनेमाचं पार्श्वसंगीत डोक्यात वाजायला लागलं असेल तर ते बंद करा. पुढचं काम अतिशय कंटाळवाणं आहे, आणि तेच सांगायचं आहे.

अमेरिकेतली बरीचशी घरं आपल्यासारखी विटा-सिमेंटची नसतात. लाकडी उभ्या-आडव्या पट्ट्यांचा सांगाडा, त्याच्या दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड, मध्ये थंडी-उष्णता अडवायला कापसासारखा भराव. आपल्या ऑफिसांमध्ये पार्टिशन असतं ना, तसं अख्खं घर. असं घर दोन-तीन आठवडे खाऱ्या, घाण पाण्यात उभं राहिलं की बोर्ड भिजून लगदा होतो, भराव स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो आणि ऑगस्टच्या उकाड्यात सगळ्यावर काळी-हिरवी बुरशी चढते. फ्रिज बंद पडून आतलं सगळं सडलेलं. लोकांनी ते दार न उघडताच चिकटपट्टीने गुंडाळून रस्त्याच्या कडेला आणून ठेवले होते. घर दुरुस्त करायच्या आधी ते आतून पूर्ण सोलावं लागतं. ओला सोफा, गाद्या, कपाटं, मुलांची पुस्तकं, लग्नाचे अल्बम, सगळं बाहेर. मग फरशीचे थर, मग भिंती, मग भराव. नुसता लाकडी सांगाडा उरेपर्यंत. मग तो घासायचा, बुरशी मारायची, वाळू द्यायचा. त्यानंतर कुठे नवं काम सुरू.

हे सोलण्याचं काम कुणी केलं माहितीये? मोठ्या प्रमाणात तुमच्या वयाच्या मुलांनी. अमेरिकी कॉलेजांना मार्चच्या सुमारास आठवडाभराची 'स्प्रिंग ब्रेक'ची सुट्टी असते, आणि ती समुद्रकिनाऱ्यावर धिंगाणा घालण्यासाठी बदनाम आहे. २००६ आणि २००७च्या वसंतात हजारो विद्यार्थी ती सुट्टी घेऊन या भागात आले. पांढरे प्लॅस्टिकचे सूट, मास्क, गॉगल, हातात कटावणी आणि हातोडा. भिंत तोडायला पदवी लागत नाही. तेव्हा पहिला टप्पा पार पडला.

घोळ दुसऱ्या टप्प्यात होता. तोडणं सोपं असतं, लावणं अवघड. बोर्ड सरळ बसवणं, सांध्यांवर पुट्टी भरून घासणं, फरशी लेव्हलमध्ये टाकणं, दारं लावणं. आठवड्यासाठी आलेल्या मुलानं पहिले दोन दिवस शिकण्यात घालवले, दोन दिवस चुका केल्या, पाचव्या दिवशी हात बसला आणि सहाव्या दिवशी बॅग भरली, तर त्या घराला काय मिळालं? आपल्याकडच्या श्रमदान शिबिरांमध्ये हे पाहिलेलं आहे. मुलं गेल्यावर गावातला गवंडी येतो, हसतो आणि मुलांनी रचलेला बांध मुकाट्यानं परत रचतो.

एसबीपीनं यावर जी व्यवस्था लावली ती मला त्यांच्या सगळ्या कामातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते. वायरिंग आणि प्लंबिंग परवानाधारक माणसांकडे. बाकी कामाचे लहान लहान तुकडे पाडले, एका दिवसात शिकता येतील असे. आणि मध्ये एक थर उभा केला: दहा-अकरा महिने तिथेच राहणाऱ्या तरुणांचा. अमेरिकेत 'अमेरिकॉर्प्स' नावाची सरकारी योजना आहे. नुकतंच कॉलेज संपलेली मुलं साधारण वर्षभर सेवेला देतात, त्यांना जेमतेम जगता येईल एवढा भत्ता मिळतो आणि शेवटी शिक्षणासाठी काही रक्कम. ही मुलं आल्यावर स्वतः शिकतात आणि मग घराच्या साइटवर सुपरवायझर होतात. आठवड्याला नवे स्वयंसेवक येतात-जातात, ती मात्र तिथेच असतात. कुठली भिंत वाकडी गेली, कुठल्या खोलीत पुट्टीचा दुसरा हात राहिलाय, घरमालक आजी कशावरून वैतागल्या आहेत, हे त्यांना माहीत असतं. म्हणजे येणाऱ्यांच्या उत्साहाला कुणीतरी थांबलेला माणूस लागतो. तो नसेल तर तो उत्साह पाण्यात.

मग २०११च्या सुमारास आणखी एक गंमत झाली. टोयोटा कंपनीची माणसं त्यांच्या मदतीला आली, आणि पैशांपेक्षा पद्धत घेऊन आली. मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांनो, 'कायझेन' आणि 'लीन'वर चार मार्कांची टीप तुम्ही लिहिलीच असेल. ती इथे कामाला लागली. प्रत्येक घरात एक फळा टांगला. आज काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, रोज लिहायचं. झालं नसेल तर का नाही, तेही लिहायचं. आठ दिवसांत चित्र दिसायला लागतं: अमुक घर तीन दिवस नुसतं उभं होतं कारण बोर्ड आले नव्हते, तमुक घर थांबलं कारण तपासणीसाला फोन करायचा राहिला. कुणी आळशी नव्हतं, सगळे घाम गाळत होते, आणि तरी घर थांबलेलं होतं. ही गळती बुजवत गेल्यावर एक घर पूर्ण व्हायला लागणारा वेळ साधारण चार महिन्यांवरून दोन महिन्यांवर आला. तेवढ्याच माणसांत.

दोन महिने वाचले, त्यात काय एवढं, असं वाटेल. इथेच संस्थेचा मूळ विचार आहे आणि तो मला पटतो. आपत्तीत माणूस मोडतो तो बहुतेकदा वादळाच्या दिवशी मोडत नाही. त्या दिवशी अंगात कुठून तरी बळ येतं. तो मोडतो नंतर, वाट पाहण्यात. ट्रेलरमध्ये दुसरा उन्हाळा काढताना. (ते सरकारी ट्रेलरही धड नव्हते, अनेकांमध्ये फॉर्माल्डिहाइडचं प्रमाण घातक असल्याचं पुढे तपासणीत निघालं.) एकीकडे बंद घराच्या कर्जाचा हप्ता, दुसरीकडे भाडं. ॲडव्हान्स घेऊन पसार झालेला कंत्राटदार. काहींनी तर सगळं सोसून घर बांधलं आणि त्यात लावलेले चीनहून आयात केलेले बोर्ड सदोष निघाले. गंधकाचे वायू सोडणारे, एसीच्या नळ्या आणि वायरी काळ्या पाडणारे. पुन्हा सोला, पुन्हा बांधा. अशा माणसाला आणखी किती दिवस थांबावं लागणार हे कळणं हीसुद्धा मदत असते. म्हणून ही संस्था किती घरं बांधली याइतकंच, प्रत्येक घराला किती दिवस लागले तेही मोजत राहिली. काही काळ त्यांनी मानसिक आरोग्याचं केंद्रही चालवलं, कारण भिंतीला पुट्टी लावताना घरमालकांच्या झोपेच्या गोळ्या त्यांना दिसत होत्या.

सेंट बर्नार्डची लोकसंख्या २०००च्या जनगणनेत सुमारे ६७ हजार होती. २०१०च्या जनगणनेत सुमारे ३६ हजार. जवळजवळ अर्धं गाव परतलंच नाही. ती माणसं वादळात वाहून गेली नव्हती, वाट पाहून कंटाळून दुसरीकडे गेली होती.

इथे कुणीतरी हात वर करून विचारेल, आणि विचारायलाच हवं: हे सगळं सरकारचं काम नाही का? जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात लोकांची घरं कॉलेजच्या पोरांनी का बांधायची? बरोबर प्रश्न आहे. सरकारी पैसा आला होता, भरपूर आला होता. 'रोड होम' नावाच्या योजनेत घरमालकाला जास्तीत जास्त दीड लाख डॉलर मिळू शकत होते. पण हिशेबाचं सूत्र बघा: घराची वादळापूर्वीची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यातला जो आकडा कमी, तो आधार धरायचा. आता समजा दोन घरं आहेत, सारख्याच मापाची, सारखीच बुडालेली, दोन्हींना दुरुस्तीला लाख डॉलर लागणार. एक गोऱ्यांच्या वस्तीत, बाजारभाव दीड लाख. दुसरं काळ्यांच्या वस्तीत, बाजारभाव साठ हजार. पहिल्याला आधार लाखाचा, दुसऱ्याला साठ हजारांचा. सिमेंट, बोर्ड, मजुरी दोघांनाही त्याच भावानं. वर्षानुवर्षांच्या भेदभावानं ज्या वस्तीची किंमत पाडली, तिलाच त्या पाडलेल्या किमतीची शिक्षा. यावर २००८ मध्ये खटला झाला, २०११ मध्ये तडजोड झाली आणि सरकारनं आणखी सुमारे ६ कोटी २० लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. तोवर सहा वर्षं गेली होती.

दुसरी अडचण कागदांची. न्यू ऑर्लिन्सच्या लोअर नाइन्थ वॉर्डसारख्या जुन्या वस्त्यांमध्ये घर आजोबांनी बांधलेलं, त्यांच्याच नावावर, मृत्युपत्र नाही, वारस पाच शहरांत विखुरलेले. राहणारी नात चाळीस वर्षं त्या घरात राहतेय, पण कागदावर ती मालक नाही. मालक नाही तर अनुदान नाही.

कोकणातल्या वाचकांना हे वाचून हसू आलं असेल, किंवा रडू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आलं तेव्हा पंचनाम्याला आलेल्या माणसापुढे अनेकांनी नेमकी हीच गोष्ट सांगितली असणार. घर पणजोबांच्या नावावर, उताऱ्यावर सतरा नावं, त्यातली नऊ मुंबईत, दोन वारलेली, एक चुलते बोलत नाहीत. वरून लॉकडाऊन. वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती. कौलं आणि पत्रे मिळेनात. आणि सुपारीच्या, नारळाच्या बागा आडव्या झालेल्या. घर दोन महिन्यांत उभं राहील एक वेळ, सुपारीचं झाड पीक द्यायला पाच-सात वर्षं घेतं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, जुलैमध्ये चिपळूण-महाड बुडालं. चिपळूणला राज्यभरातून तरुण पोरं फावडी घेऊन चिखल काढायला गेली होती, हे आम्ही विसरलेलो नाही. ते सोलण्याचं काम होतं, पहिल्या टप्प्याचं. दुसऱ्या टप्प्याला किती जण होते?

तर मग, संस्थेनं सरकारची जागा घ्यावी असं आमचं म्हणणं नाही. उलट, रोजचा फळा लिहिणारी संस्था असली की सरकारकडे बोट दाखवायला पुरावा हातात असतो: हे घर शंभर दिवस थांबलंय, आणि या या कागदासाठी थांबलंय. संस्थेकडे पैसा सरकारइतका कधीच नसतो, पण कुणाचं घर कशावर अडलंय हे तिला नावानिशी माहीत असू शकतं. एसबीपीनं पुढे कंत्राटदार कसा पारखायचा, विम्याचा आणि अनुदानाचा अर्ज कसा भरायचा हेही लोकांना शिकवायला सुरुवात केली. २०११ मध्ये मिझुरीतलं जोप्लिन वावटळीनं उद्ध्वस्त झालं तेव्हा, २०१२ मध्ये न्यू यॉर्क-न्यू जर्सीच्या किनाऱ्याला सँडीनं झोडपलं तेव्हा आणि पुढे ह्यूस्टनला, पोर्तो रिकोला ही पद्धत त्यांनी नेली.

आता आपल्याकडे वळू. एनएसएसमध्ये असाल तर दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, हे तुम्हाला पाठ असेल. सात दिवस. स्प्रिंग ब्रेकही तेवढाच असतो. फरक एवढाच की आपलं शिबिर दरवर्षी नवं गाव शोधतं. उद्घाटनाला पाहुणे, प्रभातफेरी, पथनाट्य, शोषखड्डा, समारोप. पुढच्या वर्षी दुसरं गाव, पुन्हा तोच शोषखड्डा. त्याऐवजी वादळानं मोडलेल्या एकाच वाडीत सलग तीन वर्षं, एकामागून एक तीन-चार कॉलेजांनी सात-सात दिवस वाटून घेतले तर? सिव्हिल आणि आर्किटेक्चरची मुलं मापं घेतील, लॉची मुलं वारस नोंदीच्या अर्जाला बसतील, कॉमर्सची मुलं पत्र्याचे, वाशांचे भाव काढून खरेदी एकत्र करतील. वासे-रिपांचं खरं काम गावातला सुतार करील, त्याला मजुरी देऊन, आणि मुलं त्याच्या हाताखाली राहतील. बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यूची दोन-तीन मुलं फील्डवर्कसाठी तिथेच राहिली तर मधला थांबलेला थरही मिळाला.

अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. विद्यापीठाचे नियम, प्राचार्यांची सही, मुलींच्या घरून परवानगी, एसटीच्या वेळा, हजेरी. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे चौथ्या महिन्याचा फोटो चांगला येत नाही. पुट्टी घासणाऱ्या माणसाचं रील कुणी पाहत नाही. लिझ मॅकार्टनीला २००८ मध्ये सीएनएननं 'हीरो ऑफ द इयर' केलं, टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्समधली प्रतीक्षा यादी तेवढीच लांब होती.

तुमच्या कॉलेजच्या एखाद्या युनिटनं किंवा मित्रमंडळानं निसर्ग, तौक्ते किंवा २०२१च्या पुरानंतर एखाद्या गावाला वर्षभराहून जास्त काळ धरून ठेवलं असेल तर आम्हाला लिहून पाठवा. गाव कोणतं, किती घरं, प्रत्येक घराला किती दिवस लागले आणि कशावर अडलं, एवढं लिहा. फोटो नसला तरी चालेल.